देठाजवळची चीर आणि सरावलेली नजर : नाशिकमधील एका द्राक्ष पॅकहाऊसचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दिंडोरी तालुक्यातील एका मध्यम आकाराच्या द्राक्ष पॅकहाऊसमधील आहे. पॅकहाऊसचे, तेथील माणसांचे आणि खरेदीदाराचे नाव येथे दिलेले नाही, तसेच ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. कामगारांच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचा या पॅकहाऊसशी संबंध आला आणि पुढे मांडलेल्या बहुतेक गोष्टी त्याला प्रत्यक्ष पाहता आल्या.

हंगामात येथे प्रामुख्याने थॉमसन सीडलेस जातीची द्राक्षे युरोपसाठी भरली जातात. सकाळी बागेत तोडलेला माल क्रेटमधून येतो, टेबलावर घडांची निवड आणि साफसफाई होते, अर्धा किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या लहान डब्यात, घड बसवले जातात, प्री-कूलिंगनंतर, म्हणजे माल झटपट थंड केल्यावर, बुरशी रोखणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूचा पॅड ठेवून पेटी बंद होते आणि शीतगृहातून माल कंटेनरने न्हावा-शेवा बंदराकडे रवाना होतो. या साखळीत माणसाच्या डोळ्यांवर सर्वाधिक भिस्त असलेली जागा म्हणजे निवडीचे टेबल. तेथे बहुतेक पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून येणाऱ्या महिला काम करतात आणि त्यांतील कित्येक जणी वर्षानुवर्षे त्याच टेबलावर उभ्या आहेत.

त्यांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. डाव्या हाताच्या चिमटीत घडाचा देठ धरलेला असतो, उजव्या हातात टोकदार कात्री असते, घड एकदाच स्वतःभोवती फिरतो आणि तेवढ्या वेळात नजर खांद्यापासून शेपटीपर्यंत उतरते. लालसर झालेला मणी, ज्याला सगळे जण ‘पिंक बेरी’ म्हणतात, पाणी भरलेला मऊ मणी, वाढ न झालेला बारीक मणी, थ्रिप्स या किडीचा चट्टा, उन्हाने भाजलेली बाजू, असे एकेक मणी कात्रीने निघून जातात. मण्यावरचा लस्टर, म्हणजे मेणासारखा पांढुरका थर, पुसला जाऊ नये म्हणून बोट मण्याला लागू द्यायचे नसते, त्यामुळे सगळी तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. नव्या कामगाराला तोच घड तीन-चार वेळा फिरवावा लागतो, आणि तरीही काही ना काही राहून जाते.

अडचण

त्या हंगामात जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. मण्यांत पाणी भरू लागण्याच्या, म्हणजे मऊ पडून साखर उतरण्याच्या अवस्थेत असलेल्या काही बागांना तो नेमका लागला. उघड तडकलेले घड बागेतच काढून टाकले गेले. उरलेला माल दिसायला उत्तम होता, त्यामुळे तो भरला गेला.

साधारण महिनाभराने परदेशातील खरेदीदाराकडून छायाचित्रांसह तक्रार आली. काही पेट्यांतील मण्यांना देठाच्या जागी फिकट पांढुरके डाग होते, काहींतून रस पाझरून शेजारचे मणी चिकट झाले होते आणि त्यावर करडी बुरशी धरली होती. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवरील नोंदणीमुळे पेटीवरून मूळ प्लॉट शोधता येतो. तसा शोध घेतल्यावर तक्रारीतल्या पेट्या पाऊस लागलेल्या बागांच्याच निघाल्या. मण्याचा देठ जेथे मण्याला मिळतो तेथे अर्धवर्तुळाकार, केसाएवढी बारीक चीर गेलेली होती. तोडणीच्या दिवशी ती जेमतेम दिसते. प्रवासात मात्र सल्फर डायऑक्साइड त्याच वाटेने आत शिरून मण्याचा रंग उडवतो आणि बुरशीलाही तेथूनच प्रवेश मिळतो.

व्यवस्थापकांना खरा धक्का पुढेच बसला. निर्यातीच्या मालासाठी मुद्दाम सर्वांत अनुभवी महिलांचे टेबल नेमलेले होते आणि तक्रारीच्या पेट्या त्याच टेबलावरून गेल्या होत्या. त्याच आठवड्यात अगदी नव्या मुलींच्या टेबलावरून गेलेल्या पेट्यांबद्दल मात्र तुलनेने कमी तक्रारी होत्या. पहिला निष्कर्ष निघाला तो अपेक्षितच होता: जुन्या बायका आता निष्काळजी झाल्या आहेत, किंवा त्यांची नजर गेली आहे.

कारणाचा शोध

नजरेची शंका रास्त होती. चाळिशीनंतर जवळचे दिसणे मंदावते आणि चीर ही जवळूनच दिसणारी गोष्ट आहे. म्हणून प्रथम सर्वांची जवळच्या नजरेची तपासणी करून घेतली आणि ज्यांना गरज होती त्यांना चष्मे दिले. हे आधीच व्हायला हवे होते आणि त्याचा बारीक मणी ओळखण्यात उपयोगही झाला, पण चीर निसटण्याचे प्रमाण फारसे बदलले नाही.

त्यानंतर एक साधी चाचणी ठरली. पाऊस लागलेल्या बागेतील घड भिंगाखाली तपासून त्यांत चिरेचे मणी कोठे आहेत याची नोंद केली, देठाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि हे घड नेहमीच्या क्रेटमध्ये मिसळले. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या सूचनांवर काम करताना अनुभवी टेबलाने रंग आणि आकाराचे दोष जवळजवळ सगळे काढले, चिरा मात्र बहुतेक सोडल्या. नव्या टेबलाने रंगाचे दोष बरेच सोडले, वेळ पुष्कळ घेतला, पण चिरा तुलनेने जास्त पकडल्या. मग तसेच घड अनुभवी महिलांपुढे पुन्हा ठेवून एवढेच सांगितले की रंग, आकार काहीही पाहू नका, फक्त देठाजवळची चीर शोधा. त्यांनी जवळपास सगळ्या चिरा शोधल्या, आणि नव्या मुलींपेक्षा लवकर शोधल्या.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे. डोळा तोच, हात तोच, टेबलावरचा उजेडही तोच होता. बदलले होते ते फक्त शोधायचे काय, एवढेच. आल्फ्रेड यार्बुस या रशियन संशोधकाने 1960च्या दशकात दाखवून दिले होते की एकाच चित्राकडे पाहणाऱ्याला निरनिराळे प्रश्न विचारले की त्याच्या नजरेचा मार्गही निरनिराळा होतो. टेबलावर वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर मण्याच्या बाहेरच्या बाजूवर असे. व्यवस्थापकांनी एका ज्येष्ठ कामगाराला विचारले, “मावशी, इतक्या वर्षांचा हात तुमचा, तरी हे निसटतं कसं?” त्या म्हणाल्या, “साहेब, मणी आमच्याकडे तोंड करून असतो, देठाची बाजू आत. तिथं बघा असं आजवर कुणी सांगितलंच नाही.”

त्यांच्या या वाक्यात निदान जवळपास पूर्ण आले आहे, पण त्यामागची कारणे वेगवेगळी करून पाहणे गरजेचे होते, कारण उपाय त्यांवरच अवलंबून होता.

पहिले कारण सरावाचे. 1977 मध्ये रिचर्ड शिफ्रिन आणि वॉल्टर श्नायडर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ठरावीक अक्षरे शोधण्याचा हजारो वेळा सराव केल्यावर लोकांचे लक्ष त्या अक्षरांकडे आपोआप जाऊ लागले. पण नंतर भूमिका उलटवली, म्हणजे जी अक्षरे दुर्लक्षायची होती तीच शोधायला सांगितली, तेव्हा त्यांची कामगिरी सराव नसतानाच्या पातळीपेक्षाही खाली गेली. लक्ष न देण्याचाही सराव होतो. देठाकडची बाजू ही अनुभवी महिलांसाठी अशीच, दुर्लक्ष करण्याचा पक्का सराव झालेली जागा होती. नव्या मुलींना तो सराव नव्हता, म्हणून त्यांची नजर घडावर सैरभैर फिरत होती आणि त्या भटकण्यात कधीतरी चिरेवर पडत होती.

दुसरे कारण मोबदल्याचे. पनेटमध्ये पिंक बेरी सापडली की त्या टेबलाच्या हंगामी बक्षिसातून कपात होई. इतर दोषांना अशी थेट किंमत नव्हती. 2011 मध्ये ब्रायन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या रंगाला पूर्वी मोबदला जोडलेला होता तो रंग, त्याचा आताच्या कामाशी संबंध नसतानाही, लक्ष खेचून घेतो. येथे तर संबंध रोजचा होता. घड हातात घेताच नजर आधी लालसर छटेकडे धावे, एखादा मणी सापडला की कात्री चाले आणि घड पूर्ण झाल्याची भावना येऊन तो खाली ठेवला जाई. एक दोष सापडल्यावर दुसरा निसटण्याची ही प्रवृत्ती क्ष-किरण तपासणाऱ्या डॉक्टरांमध्येही 1960च्या दशकापासून नोंदवली गेली आहे.

तिसरे कारण दुर्मीळपणाचे. शोधायची वस्तू क्वचित असली की ती असतानाही अधिक वेळा सुटते. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये सामानातील वस्तू शोधण्याचा प्रयोग केला. निम्म्या चित्रांत लक्ष्य असताना सुमारे 7 टक्के लक्ष्ये सुटली, पण शंभरात एकाच चित्रात लक्ष्य असताना सुमारे 30 टक्के सुटली. चिरेचा मणी शेकडो मण्यांत एखादा असे. त्यातच तो सुटला आहे हे कळायला महिना लागे, आणि कळत असे ते कार्यालयात. टेबलावर कधीच नाही. पिंक बेरी सुटली तर पर्यवेक्षक त्याच दिवशी पनेट परत आणून दाखवत असत, म्हणून त्या बाबतीत नजर घडत गेली. चिरेच्या बाबतीत ती घडण्याची संधीच नव्हती. पर्यवेक्षक स्वतः पूर्वी याच टेबलावर काम केलेले होते, त्यामुळे त्यांची फेरतपासणीही त्याच मार्गाने जाई आणि तीच जागा वगळे.

येथे 2013 मधील ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांचा प्रयोग व्यवस्थापकांना मुद्दाम सांगावा लागला. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या 24 तज्ज्ञ डॉक्टरांपैकी 20 जणांना त्याच चित्रात बसवलेली गोरिलाची आकृती दिसली नाही, आणि ती सरासरी गाठीच्या 48 पट मोठी होती. त्यांपैकी अनेकांची नजर प्रत्यक्ष त्या आकृतीवर पडली होती, हेही नजरेच्या नोंदींतून दिसले. या डॉक्टरांना कोणी निष्काळजी म्हणणार नाही. टेबलावरच्या महिलांनाही तोच न्याय लावायला हवा होता, आणि हे ऐकल्यावर कार्यालयातील बोलण्याचा सूर बदलला.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय दंडाचा होता: पिंक बेरीप्रमाणे चिरेलाही कपात लावायची. तो नाकारण्यात आला, कारण जी गोष्ट हातातून जाताना दिसतच नाही तिच्यासाठी दंड लावल्याने भीती वाढली असती, नजर मात्र होती त्याच वाटेने गेली असती.

नव्या मुलींना निर्यातीच्या टेबलावर आणण्याची सूचना व्यवस्थापकांकडून आग्रहाने आली. चाचणीचे आकडे वरवर पाहिले तर ती पटण्यासारखीही होती. परंतु नव्या टेबलावर रंगाचे आणि मऊपणाचे दोष किती राहत होते हे पाहिल्यावर एक तक्रार मिटवून चार ओढवून घेण्यासारखे होईल हे स्पष्ट झाले. शिवाय नवखेपणाचा हा लाभ टिकाऊ नव्हता. त्याच सूचना, त्याच कपाती आणि तोच पर्यवेक्षक असताना दोन हंगामांत त्यांची नजरही त्याच मार्गाला लागली असती.

प्रकाशयोजना आणि यंत्र या दोन गोष्टींवरही चर्चा झाली. घड न सोडवता मण्याच्या देठाकडची बाजू पाहू शकेल असे परवडणारे यंत्र त्या हंगामात हाताशी नव्हते. प्रकाशाचा मुद्दा मात्र उपयोगी ठरला. छतावरच्या ट्यूबलाइटचा सरळ उजेड रंग पाहायला चांगला असतो, पण त्यात चीर सपाट दिसते. बाजूने, तिरका उजेड टाकला की तीच चीर ओलसर रेघेसारखी चमकते.

शेवटचा पर्याय कामाची विभागणी करण्याचा होता: रंग-आकाराची निवड एका टेबलावर आणि चिरेची तपासणी दुसऱ्या, स्वतंत्र टेबलावर. एकाच वेळी दोन अगदी वेगळ्या खुणा मनात धरून शोधणे हे एकेक खूण स्वतंत्रपणे शोधण्यापेक्षा अवघड जाते, हे प्रयोगांतूनही दिसले आहे आणि त्या चाचणीतही दिसले होते. याला मजुरी जास्त लागणार होती आणि माल शीतगृहात जायला उशीर होणार होता. द्राक्षाच्या बाबतीत हा उशीर किरकोळ नसतो, कारण माल जितका वेळ उकाड्यात राहील तितका देठ सुकतो. म्हणून हा पर्याय केवळ पाऊस लागलेल्या प्लॉटच्या मालापुरता स्वीकारण्यात आला.

प्रत्यक्ष कृती

दुसरे टेबल कोणाचे, हा पहिला निर्णय होता. नव्या मुलींना तेथे ठेवावे असा कल होता, परंतु ‘फक्त चीर’ असे सांगितल्यावर अनुभवी महिलाच अधिक अचूक ठरल्या होत्या. त्यामुळे त्यांच्यातल्याच काही जणींना तेथे नेमले आणि ही नेमणूक शिक्षा म्हणून होत नाही हे व्यवस्थापकांनी सर्वांसमोर सांगितले. हे सांगणे औपचारिक वाटेल, पण त्याशिवाय कोणीही त्या टेबलावर मनापासून गेले नसते.

त्यांना ‘नीट बघा’ असे सांगितले नाही. कोठे पाहायचे आणि घड कसा धरायचा ते दाखवले. एका हाताने देठ आणि दुसऱ्या हाताने शेपटीकडचा दांडा धरून घड आडवा करायचा. निर्यातीच्या घडात विरळणी झालेली असल्याने मण्यांत फट असते, आणि घड आडवा झाला की त्या फटीतून मण्यांचे देठ दिसतात. टेबलाच्या कडेला कमी उंचीवर दिवा लावला. अर्विंग बीडरमन आणि मॅगी शिफ्रार यांनी 1987 मध्ये एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांचे लिंग ओळखण्याच्या कामावर प्रयोग केला होता. नेमकी कोणती जागा आणि तेथला कोणता आकार पाहायचा हे थोडक्यात सांगितल्यावर नवखी माणसेही छायाचित्रांवर तज्ज्ञांच्या जवळ पोहोचली होती. आमचा भर त्याच धर्तीवर ‘कोठे’ या प्रश्नावर होता.

सकाळी कामाच्या सुरुवातीला प्रत्येकीपुढे चिरेचे मणी भरपूर असलेले काही घड ठेवले जात आणि सुटलेला मणी लगेच दाखवला जाई. दिवसभरातही नोंद केलेला एखादा घड अधूनमधून मिसळला जाई. विमानतळावरील सामान तपासणीत क्ष-किरण चित्रांवर मधूनच बनावट शस्त्राची प्रतिमा टाकतात, त्यामागचा हेतूही हाच असतो की क्वचित येणारी गोष्ट नजरेला अगदीच अनोळखी राहू नये. परदेशातून आलेली छायाचित्रे मोठी छापून टेबलाजवळ लावली. त्यांच्या हातून गेलेली पेटी रॉटरडॅमला पोहोचल्यावर कशी दिसते हे त्या महिलांपैकी अनेकींनी प्रथमच पाहिले.

पिंक बेरीची कपात त्या टेबलापुरती थांबवावी ही सूचना मात्र लगेच मान्य झाली नाही. ‘सवलत दिली की सगळीच ढील येते’ अशी भीती होती. काही दिवसांनी ती मान्य झाली.

निष्पत्ती

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. वेग निम्म्यावर आला, आणि आडव्या धरलेल्या घडातही नजर बाहेरच्या रंगाकडेच धावत होती. एक कामगार म्हणाल्या की लाल मणी दिसला आणि तो काढला नाही तर हाताला चैन पडत नाही. कपात थांबवल्यानंतर आणि लाल मणी दिसला तरी पुढच्या टेबलाला राहू द्या असे स्पष्ट सांगितल्यानंतर बदल जाणवू लागला. यासाठी टेबलांचा क्रमही उलटवला: आधी चीर, मग रंग. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मिसळलेल्या घडांतील बहुतेक चिरा पकडल्या जाऊ लागल्या आणि वेगही बराचसा परत आला.

उरलेल्या हंगामात खरेदीदाराच्या तक्रारी कमी झाल्या. याचे सगळे श्रेय टेबलाला देता येणार नाही, कारण नंतर पाऊस झाला नाही आणि बाधित प्लॉटचा मालही संपत आला होता. मिसळलेल्या घडांची नोंद हाच येथे विश्वासार्ह आधार आहे. एक तोटाही झाला: दोन्ही टेबलांवर आलटून पालटून काम करणाऱ्या महिलांकडून काही काळ पिंक बेरी पूर्वीपेक्षा जास्त सुटू लागली. त्यामुळे एका दिवसात टेबल बदलायचे नाही असा नियम करावा लागला.

काय वेगळे करता आले असते

कपातीचा निर्णय पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. प्रशिक्षणाने एक गोष्ट शोधायला सांगायची आणि पगाराने दुसरी, असे चालू असेतो कोणतीही नजर पगाराच्याच बाजूला झुकणार, आणि त्यात कामगाराचा दोष नाही. वाया गेलेले सुरुवातीचे दिवस मुख्यतः या ओढाताणीचे होते.

तोडणीच्या टोळीला या बदलात सामील करून घेतले गेले नाही, ही मोठी उणीव राहिली. चीर बागेत ओळखली गेली असती तर तो घड स्थानिक बाजारासाठी वेगळा काढता आला असता आणि दुसऱ्या टेबलाचा भार घटला असता. टोळीचे काम क्रेटवर मोजले जाते, त्यामुळे तेथेही मोबदल्याचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. पर्यवेक्षकांचे प्रशिक्षणही कामगारांच्या आधी व्हायला हवे होते. फेरतपासणी करणारा डोळा वेगळ्या वाटेने जाणारा नसेल तर ती तपासणी म्हणजे त्याच तपासणीची पुनरावृत्ती ठरते.

दुसरे टेबल कायम ठेवावे का, याबद्दल पॅकहाऊसमध्ये मतभेद आहेत. कोरड्या हंगामात चीर इतकी क्वचित असेल की स्वतंत्र टेबलाची मजुरी परवडणार नाही, आणि पुढचा नवा दोष देठाजवळ असेलच असे नाही. तो मिलीबग या किडीचा चिकटा असू शकतो किंवा आजवर टेबलावर न आलेले काहीतरी. म्हणून असे ठरले आहे की हंगामाच्या तोंडावर प्रत्येक प्लॉटच्या पाऊस-पाण्याच्या आणि कीड-रोगाच्या नोंदी पाहून त्या वर्षी कोणता दोष संभवतो ते नक्की करायचे, त्या दोषाचे घड सकाळच्या सरावात ठेवायचे, आणि मणी मऊ पडल्यानंतर पाऊस लागलेल्या प्लॉटपुरतेच दुसरे टेबल लावायचे. परदेशातून येणारे प्रत्येक छायाचित्र आले त्याच दिवशी टेबलाजवळ लावण्याची जबाबदारी आता पर्यवेक्षकाकडे दिली आहे.